डाव्या कॅमेऱ्यातली पाटीवाली

भुताखेताच्या गोष्टी मला आवडतात, पण ऐकण्यापुरत्या. खऱ्या म्हणून मी त्या कधी धरल्या नाहीत. मळ्यात राहणाऱ्या बाईने असलं काही खरं मानलं तर तिला दिवस मावळल्यावर विहिरीवरची मोटर बंद करायलाही जाता यायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी इथे एकटीदुकटी हिंडते. साप पाहिले, एकदा उसात बिबट्या पाहिला... बाकी कधी काही दिसलं नाही. दुपारी पडल्या पडल्या मोबाइलवर लोकांचे असे अनुभव वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते, दमला असेल बिचारा, डोळा लागला असेल.

म्हणून माझंच लिहायचं ठरवलं तेव्हा नुसती वही उघडायची आणि मिटायची असं पुष्कळदा झालं. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायची सवय राहिली, लिहायची गेली. हे कुठे पाठवीन की वहीतच राहील ते माहीत नाही. पण जसं झालं तसंच लिहिते आहे.

आमचा मळा नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेने आत यावं लागतं. झेंडू, थोडी शेवंती, बांधाकडेला घरापुरती भाजी. घरापुढे मोठं अंगण आहे. अंगणाच्या एका अंगाला फुलं ठेवायचं पत्र्याचं शेड आणि समोर फाटक. घरात माझ्या सासूबाई - त्यांना मी आत्याबाई म्हणते - हे, आणि मी. धाकटे दीर सातपूरला कंपनीत आहेत, राहतातही तिकडेच. पण मळा दोघा भावांचा, त्यामुळे सुट्टीला येतात आणि येताना काहीतरी नवीन घेऊन येतात.

मळ्यातच, पंपाच्या खोलीला लागून, हिराबाई राहते. पेठ तालुक्यातली. नवरा आमचा ट्रॅक्टर चालवतो, ती फुलं तोडते. मुलगी बारावीला आहे, नाशिकला सायकलने कॉलेजला जाते. हिराबाई आणि मी एकाच वयाच्या असू. मी माणसांत फार बोलत नाही, पण तिच्याजवळ बोलते.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी शेडमधली फुलं कमी भरायला लागली. सकाळी तोडून, भरून ठेवलेलं एखादं कॅरेट संध्याकाळी टेम्पोत चढवताना सापडायचं नाही. ह्यांनी आधी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा झालं तेव्हा भाऊजींना फोन केला, आणि भाऊजी दोन कॅमेरे घेऊन आले.

दोन्ही दिसायला सारखेच. उपडी वाटी ठेवल्यासारखे, मधोमध फुगीर काच. भाऊजी म्हणाले, ही काच माशाच्या डोळ्यासारखी असते, एकाच कॅमेऱ्यात सगळं अंगण येतं. कंपन्या वेगळ्या होत्या. ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं होतं, दोन्ही लावून बघा, जो आवडेल तो ठेवा, दुसरा परत आणा. भाऊजींनी अंगणात लोखंडी खांब रोवला, त्याला वरून आडवा पाइप जोडला आणि त्यावर दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी लावले. मधे जेमतेम एक वीत अंतर. घराकडून बघितलं तर एक डावा, एक उजवा. आम्ही त्यांना तेच नाव ठेवलं.

कुठला चांगला हे बघायचं काम माझ्यावर आलं, कारण दिवसभर घरी मीच. माझ्या मोबाइलमध्ये दोन्हीचं अ‍ॅप टाकून दिलं. चित्र गोल यायचं, परातीत अंगण ओतल्यासारखं. शेड केळ्यासारखं वाकडं दिसे, फाटक एका कडेला लहानसं. डावा लगेच उघडायचा. उजव्याला उघडायला वेळ लागे, मधेच गोल गोल फिरत राही. डाव्यात झेंडू तांबडा दिसायचा, उजव्यात जसा आहे तसा. डावा आवाजही चांगला पकडायचा. भाऊजींचं मत डाव्याकडेच झुकलं होतं.

एक गंमत सांगते. कंपनीत बसून भाऊजी बघत असतील म्हणून मी खांबाखालून जाताना डोक्यावर पदर घ्यायची. मोठ्यांपुढे घेतो तसा. ते लहान आहेत, पण त्यांचे कंपनीतले लोकही बघत असले तर? त्यांनी ते ओळखलं. रविवारी जेवताना म्हणाले, "वहिनी, कॅमेऱ्याला सासरा करून टाकला तुम्ही." हे हसले. आत्याबाई म्हणाल्या, "हसू नको रे, सासरा बरा. त्यो असा टक लावून नाय बघत." मग सगळेच हसलो. असे चांगले दिवस चालले होते.

आता जे सांगायचं ते.

एके दिवशी पुन्हा कॅरेट कमी भरलं. भाऊजी त्या दिवशी पहिल्या पाळीचे होते, संध्याकाळी लगेच मोटारसायकलवर आले. ओट्यावर बसून त्यांनी मोबाइलवर दिवसभराचं रेकॉर्डिंग पळवत पळवत बघितलं. लगेच उघडतो म्हणून डावाच लावला. आणि चारच्या सुमाराला एक बाई दिसली.

शेडकडून निघाली, डोक्यावर भरलेलं ओझं, अंगण ओलांडून फाटकाकडे गेली. कॅमेरा वरून असल्यामुळे तोंड दिसत नव्हतं, डोक्यावरून पदर होता. हिरवं लुगडं. चालताना एक हात ओझ्याला, एक हात मोकळा हलत होता. हिराबाईसारखीच दिसत होती, मला स्वतःलाही तसंच वाटलं.

ह्यांनी हिराबाईला बोलावलं. ती भाकरी टाकत होती, पिठाच्या हातानेच आली. तिचा नवराही मागून आला. भाऊजींनी तिला चित्र दाखवलं आणि विचारलं, चार वाजता तू कुठे होतीस? ती काही बोलली नाही. हे रागावत नाहीत सहसा, त्या दिवशीही आवाज चढवला नाही, पण पुन्हा तेच विचारलं. हिराबाई खाली बघत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मी न्हवं ती, दादा."

"मग कुठं होतीस ते सांग ना," भाऊजी म्हणाले. ती गप्प. नवरा तिच्याकडे बघतो आहे, ती गप्प. हे म्हणाले की दसऱ्यापर्यंत राहा, मग खोली मोकळी करा. त्यांनाही ते बोलताना जड जात होतं.

मी दाराच्या आत उभी होते. हिराबाई कुठे होती ते मला माहीत होतं. माझ्याजवळ होती.

त्या महिन्यात माझं दुखणं वाढलं होतं. अंगावरून फार जायचं, ओटीपोटात कळा यायच्या. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ऐन फुलांच्या दिवसांत दवाखाना, आणि ते सगळं पुरुषांपुढे बोलायचं म्हणजे... हिराबाईने माझ्या तोंडावरून ओळखलं. रोज दुपारी, आत्याबाई झोपल्या की मागच्या दाराने यायची, वीट तापवून फडक्यात गुंडाळून माझ्या पोटाला शेक द्यायची. मीच तिच्याकडून शपथ घेतली होती, कोणाला बोलायचं नाही. तिची खोली जात होती, मुलीचं बारावीचं वर्ष जात होतं, आणि ती माझी शपथ धरून उभी होती.

मला बाहेर यायला किती वेळ लागला ते आठवत नाही. ओट्यावर आले. पदर डोक्यावर होता. जमिनीकडे बघूनच बोलले.

"ती माझ्याजवळ होती. आतल्या खोलीत. माझ्या पोटाला शेकत होती. रोज शेकते. मीच तिला सांगू नको म्हणाले होते."

भाऊजींनी मान फिरवली आणि मोबाइलकडे बघत बसले. हे माझ्याकडे बघत होते. हिराबाईने पिठाचा हात तोंडावर धरला आणि रडली.

मग भाऊजी हळूच म्हणाले, "मग ही कोण?"

तेव्हा कुठे उजवा बघायचं सुचलं. त्याला उघडायला नेहमीसारखा वेळ लागला. मग तीच वेळ लावली. तेच अंगण, तीच शेडची सावली, त्याच दिवशी आणलेली नवीन निळी ताडपत्री... आणि अंगणात कोणी नाही. बाई नाहीच. पुढे नेलं, मागे आणलं, सावकाश लावून बघितलं. रिकामं अंगण.

भाऊजी म्हणाले, डाव्यात काहीतरी बिघाड आहे, जुनं काहीतरी दाखवतो. पण जुनं कुठून असणार, खोकं आमच्यासमोर फोडलं होतं. आणि ताडपत्री तर डाव्यातही होती.

कोंबडी माझ्या लक्षात आली. आमची एक तांबडी कोंबडी आहे, ती त्या वेळी अंगणाच्या मधोमध टिपत होती. डाव्यात दिसतं की ती बाई चालत येते, कोंबडीपाशी पोचते, तशी कोंबडी पंख फडफडवून बाजूला उडी मारते आणि बाई पुढे निघून जाते. मी भाऊजींना म्हटलं, उजव्यातली कोंबडी बघा. त्यांनी लावलं. कोंबडी टिपते आहे, आजूबाजूला काही नाही. आणि त्याच क्षणी, त्याच जागी, तशीच पंख फडफडवून बाजूला उडी मारते. मग उभी राहून फाटकाकडे बघते.

ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. हिराबाईच्या नवऱ्यानेही.

आत्याबाई एवढा वेळ बाजेवर बसून होत्या. त्यांना नीट दिसत नाही, त्यांनी मोबाइल मागून घेतला, डोळ्याजवळ धरला आणि डाव्यातली बाई पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाल्या, "हे कॅरेट नाय. पाटी हाय."

खरंच पाटी होती. बांबूची, गोल, खाली चुंबळ. वरून बघताना गोल चित्रात सगळंच गोल दिसतं, म्हणून आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या मळ्यात पाटी राहिलेलीच नाही. सगळं प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरतो, कॅरेट कोणी डोक्यावर नेत नाही, दोघी दोन बाजूंनी धरून नेतात.

"भरलेली हाय," आत्याबाई म्हणाल्या. "रिकामी अशी बसत नाय डोक्यावर."

मी विचारलं, आत्याबाई, कोण असेल? त्या म्हणाल्या, "मला काय म्हायती? तोंड कुठं दिसतंय. पण घाईत नाय ती. चोर घाईत असतो." आणि मोबाइल परत दिला, पाणी मागितलं.

फुलांचं कोडं लवकरच सुटलं. शेजारच्या मळ्याची कॅरेटं आमच्याच शेडमध्ये असतात, ती भरायला टेम्पोवाला सकाळी येतो, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये तो दिसूनही कोणाला खटकलं नव्हतं. आमच्या काही कॅरेटांवरचा लाल रंगाचा पट्टा धुऊन धुऊन गेला होता, म्हणून ती शेजाऱ्यांची समजून टेम्पोवाला सकाळीच उचलत होता. फुलबाजारात ती त्यांच्या नावावर उतरत होती. शेजाऱ्यांनी स्वतःच येऊन सांगितलं. म्हणजे चोरी झालीच नव्हती. कोणी काही नेलंच नव्हतं. मग ती पाटीत काय नेत होती?

भाऊजींनी डावा कॅमेरा उतरवून दुकानदाराला दिला, त्यातलं कार्डही दाखवलं. त्याने ते बघितलं, उजव्यातलं बघितलं, कॉम्प्युटरला लावलं. म्हणाला, कॅमेरा चांगला आहे, बिघाड काही नाही. त्याने तो स्वतःच्या गोदामाबाहेर लावला आहे. अजून तिथे वेगळं काही दिसलेलं नाही. आमच्याकडे उजवा राहिला. अजूनही उघडायला वेळच लावतो.

मला ह्यांनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळ्या चालू आहेत, आता बरी आहे. वाटेत एवढंच म्हणाले, मला सांगायचं होतंस. हिराबाईच्या खोलीवर जाऊन, तिच्या मुलीसमोर, त्यांनी चुकलं म्हणून सांगितलं. ती राहिली. मुलगी परीक्षेला बसली.

पण एक गोष्ट मी दसऱ्यानंतर बघितली. संध्याकाळी काम संपवून खोलीकडे जाताना हिराबाई खांबाखाली थांबते. वर बघते. पदर झटकते, दोन्ही हात उघडे करून कॅमेऱ्याला दाखवते आणि मग जाते. एकदा बघितलं तेव्हा वाटलं सहज असेल. पण रोजच करत होती.

मी तिला म्हटलं, हिराबाई, असं नको करू. तुझ्यावर आता कोणाचा संशय नाही.

ती म्हणाली, "त्या दिशी तुम्ही होता, वैनी. दर टायमाला कुठं असनार तुम्ही?"

त्या दिवशी मी तिच्याबरोबर खोलीपर्यंत चालत गेले.

तेव्हापासून तिची जायची वेळ झाली की मी हातातलं टाकून बाहेर येते. तिच्याबरोबर अंगणातून चालत पंपाच्या खोलीपर्यंत जाते. खांबाखाली ती थांबली नाही पाहिजे म्हणून बोलत राहते. काहीही बोलते, भाजी, पाऊस, तिच्या मुलीचं कॉलेज. मी कधी कोणाशी एवढं बोलले नसेन. आता ती हात दाखवत नाही.

परत आले की मोबाइलमध्ये आमचं दोघींचं चालणं बघते. ती कोण होती, उजव्याला का दिसली नाही आणि कोंबडीला कशी दिसली, हे मला आजही सांगता येत नाही. भीती वाटते असंही नाही. नुसतं बघते. गोल अंगण, वाकडं शेड, आणि मधून चाललेल्या बायका. रोज दोघीच असतो.