चहा नेणाऱ्या माणसाची वाट

बहारीनमध्ये हिवाळ्यात ढग भरून आले की घरचे माझ्या हातातला स्टीलचा थर्मास काढून घेतात. म्हणे गंमत. पण एका पावसात मी त्याने काय केलं होतं, ते कोणी विसरलेलं नाही.

इथल्या अदलिया भागात आमचं लहानसं डिझाइन ऑफिस आहे आणि मी तिथे ड्रॉइंग करते. इमारतीत खाली चहाचं हॉटेल, पुढ्यात पार्किंग. इथे चहासाठी कोणी गाडीतून उतरत नाही. गाडी थेट दाराशी आणायची, हॉर्न वाजवायचा, काच खाली करायची, की चहा हातात. उन्हाळ्यात एक वेळ समजू शकते, पण जानेवारीच्या गारव्यातही या लोकांना पाय म्हणून काही असतात याची आठवण होत नाही. गाड्यांपर्यंत चहा नेत ते चाचा. श्रीवर्धनकडचे, साठीला टेकलेले. मी वसईची आहे हे कळल्यापासून ते मला बाय म्हणत आणि माझ्या कपात साखर कमी घालत. रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांच्या मधून ट्रे सांभाळत ते जायचे, तेव्हा वर खिडकीत माझा जीव टांगणीला लागायचा.

पार्किंगचे पट्टे नव्याने आखायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मी साहेबांशी कडाकडा भांडले. हॉटेलच्या दारापासून उंच बांधलेली पायवाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांब हवेत, म्हटलं. साहेब म्हणाले, इमारतीच्या मालकाला फक्त रंग हवाय. मी सांगितलं, इथे पाणी जायला गटार नाही, पाऊस पडला की तुमचा रंग बुडणार. पालथ्या घड्यावर पाणी. पायवाटेच्या जागी नुसते पांढरे पट्टे मारले गेले.

मग पाऊस आला. सकाळी पार्किंगचं तळं झालं होतं आणि पाणी उपसणारा टँकर अजून पोचला नव्हता. मी नुकतीच येऊन दारात उभी होते. एक जीप हॉटेलपुढे येऊन हॉर्न वाजवत सुटली. चाचा घोट्याएवढ्या पाण्यात उतरले आणि बुडालेल्या पट्ट्यांवरून, सवयीने, बरोबर त्याच वाटेने निघाले. जीपवाल्याला तेवढाही धीर नव्हता. त्याने गाडी पुढे घेतली, मग न बघता मागे. धप्प असा आवाज आला. ट्रे उडाला. चाचांचा पाय चाकाखाली होता आणि पाणी आधी चहाने तपकिरी झालं, मग लाल.

जीपवाला काच खाली करून ओरडत होता की म्हातारा मध्ये आला. चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला थर्मास मी त्याच्या दिव्यावर घातला, मग आरशावर. तिसरा फटका त्याच्या तोंडासाठी होता, पण त्याने काच वर केली आणि लोकांनी मला मागे ओढलं. पोलिसांसमोर मी माफी मागितली, दात आवळून. वाईट मला आजही वाटत नाही.

चाचांच्या पायात सळई घातली. आता मात्र मालक घाबरला आणि खांबांना हो म्हणाला. डांबर फोडायचं मशीन आलं तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले. त्याचा प्रत्येक दणका मला गोड लागत होता. दारापासून पार्किंगच्या मध्यापर्यंत पायवाट झाली, खांब रोवले गेले, आणि हॉटेलच्या दाराशी एकही गाडी येऊ शकेना.

चाचा चालू लागल्यावर कामावर परतले. दारातल्या खुर्चीवर बसून ते बराच वेळ खांबांकडे बघत राहिले. ते मला दुवा देतील अशी माझी अपेक्षा होती.

"बाय," ते म्हणाले, "हे काढून टाक."

गाडी दाराशी येत नाही, पायवाटेच्या टोकाशी उभ्या गाड्यांमुळे थांबता येत नाही, म्हणून हॉर्न वाजत नाही. गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुसऱ्या हॉटेलात जातं. हॉटेलवाल्याने चाचांना विचारलं होतं, आता तुम्हाला काय काम देऊ? काम नाही तर व्हिसा नाही, आणि पायात सळई असलेल्या म्हाताऱ्याला दुसरं कोण ठेवून घेणार?

मी त्यांच्यावरच खेकसले. तुमचं हाड चाकाखाली मोडताना मी ऐकलंय, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "हाड जुळला, बाय. व्हिसा गेला तर तो जुळंल काय?"

वर जाऊन मी माझं ड्रॉइंग टराटरा फाडलं. मला तो जीपवाला, मालक, हॉटेलवाला, सगळ्यांना एका ओळीत उभं करून बडवायचं होतं. ते जमणार नव्हतं, म्हणून नवा कागद घेतला. खांब ठेवले. पायवाट मात्र पार्किंगच्या पार रस्त्याकडच्या कडेपर्यंत नेली. गाड्या तिच्या टोकाशी येतील, चहा घेतील आणि सरळ पुढे निघून जातील. कोणाला गाडी मागे घ्यावी लागणार नाही. या खेपेला साहेबांनी वाद घातला नाही. थर्मास टेबलावर होता.

वाट पुरी झाली त्या दिवशी मी थर्मास घेऊन हॉटेलच्या दारात उभी असताना एक गाडी टोकाशी येऊन थांबली. हॉर्न वाजला. चाचा ट्रे घेऊन खांबांच्या मधून लंगडत निघाले. ते हळू चालत होते, म्हणून हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. माझी मूठ थर्मासवर आवळली आणि मी पायवाटेवर पाऊल टाकलं. मागे न बघताच त्यांनी मोकळा हात वर केला.

"वाजू दे, बाय. तो वाजतो हाय तवर माझा व्हिसा हाय."