समरकंदचा कागद पाहायला गेलेले मुन्शीजी

कागदाला हात लावण्याआधी ते दोन्ही तळहात शर्टाच्या पोटावर पुसायचे. कागद लग्नपत्रिका असो की विजेचं बिल, हात पुसल्याशिवाय शिवायचे नाहीत. मग कागद डोळ्यांपासून लांब धरायचे आणि म्हणायचे, "थांबा. पयले कागद का म्हनते ते पाहू."

गल्लीत सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. तुम्ही आदिलाबादच्या जुन्या कचेरीत सात-बाराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पहाणीच्या, नकलेसाठी कधी रांगेत उभे राहिला असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. रेकॉर्ड रूमच्या दाराशी, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांमागे बसलेला एक काळा, शिडशिडीत माणूस. निजामाच्या वेळचे उर्दू दस्त अख्ख्या कचेरीत त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नसत. ते मूळचे भीमपूरकडच्या खेड्यातले, बौद्ध कुटुंबातले. वडील आमच्या भागातल्या शेतांवर सालदार होते. दोन वर्षं आमच्याही शेतावर होते. मुन्शीजी शिपाई म्हणून कचेरीत लागले आणि तिथल्या एका म्हाताऱ्या पेशकाराने, म्हणजे कचेरीतल्या कारकुनाने, जेवणाच्या सुटीत त्यांना अलिफ-बे शिकवलं. पुढे फारसीचीही थोडी ओळख करून दिली, कारण अगदी जुने कागद फारसीत होते.

"पेशकारसाहेब म्हनत," ते मला सांगायचे, "सगळ्यात चांगला कागद समरकंदचा. शंभर शंभर वर्सं पिवळा पडत नाई. आपल्या दफ्तरात असता तर उंदरानं बी इचार करून खाल्ला असता."

समरकंद. मी कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला. माझ्यासाठी त्या गावाचा अर्थ एकच होता: तिथून तैमूर आला, तिकडूनच बाबर आला. वर्गात मी रंगून सांगायचो की त्या मुलखाने आपल्याला लुटारूंशिवाय काही पाठवलं नाही. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

मी निवृत्त झाल्यावर हैदराबादच्या मुलाने माझी आणि बायकोची उझबेकिस्तानची सहल ठरवली. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती म्हणाली, "मुन्शीजींना न्या. त्यांना ती लिपी येते, आणि तुम्हाला एकट्याला पाठवायला माझा जीव होत नाही." मुन्शीजींना विचारलं. ते म्हणाले, "खरंच जाता येते का सर तथी?" पासपोर्ट हातात आल्यावर त्यांनी तो हात पुसून उघडला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कोऱ्या पानांसकट, वाचला.

माझी तयारी वेगळी होती. चकल्या, चिवडा, ज्वारीचं पीठ, ठेचा. तिकडे मांसाशिवाय काही मिळणार नाही अशी माझी खात्री होती. अफगाणिस्तान शेजारी, म्हणजे चोऱ्यामाऱ्या असणारच. पोलीस पैसे काढणार. मी बनियनला आतून खिसा शिवून घेतला आणि मुन्शीजींनाही शिवायला सांगितला.

"काऊन सर? लोकच राह्यतात ना तथी?"

"लोक आहेत म्हणूनच," मी म्हणालो. आणि माझ्याच विनोदावर हसलो.

समरकंदला तैमूरच्या थडग्याशी मी उभा राहिलो आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. दिल्लीत त्याने काय केलं ते मी मोठ्या आवाजात सांगायला लागलो. समोर फक्त मुन्शीजी होते. कोपऱ्यात बसलेला टोपीवाला राखणदार उठून आला. त्याला वाटलं असावं, या म्हाताऱ्याला उन्हाचा त्रास होतोय. त्याने मला बाकावर बसवलं, किटलीतला चहा वाडग्यात ओतून दिला आणि वर रोटीचा तुकडा.

मुन्शीजी हळूच म्हणाले, "तुमी त्याच्या राजावर रागावून राह्यले सर, अन् तो तुमाले चहा पाजून राह्यला."

मी चहा प्यायलो. रोटी मात्र रुमालात गुंडाळून ठेवली. कुठल्या हातांची होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या एका खेड्यात आम्ही कागदाचा कारखाना पाहिला. कारखाना म्हणजे ओढ्याकाठची झाडी आणि पाण्याच्या चाकावर उचलली जाणारी लाकडी मुसळं. तुतीच्या फांद्यांची साल उकळायची, मुसळाने कुटायची, तो लगदा पाण्यात कालवून चाळणीवर उचलायचा. एक बाई वाळलेला कागद शंखाने घोटत होती. मुन्शीजी तिच्याजवळ उकिडवे बसले. शर्टावर हात पुसले. तिने ते पाहिलं आणि हसून अर्धा घोटलेला कागद त्यांच्या हातात दिला.

"कागज," ते म्हणाले.

"कोगोझ," ती म्हणाली.

"दफ्तर?"

"दफ्तर!"

"किताब?"

"कितोब!"

असं दोघांचं कितीतरी वेळ चाललं होतं. जमीन, आसमान, मेहमान, गवाह. कचेरीतले सगळे शब्द त्यांनी एकेक करून तिच्यापुढे ठेवले आणि तिने जवळजवळ सगळे ओळखले. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "सर, हे तर आपल्याच तहशीलातलं बोलून राह्यली!" इतके मोकळे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, चला, आता परत फिरू, ऊन वाढतंय.

बुखाऱ्यात आम्ही एका घरात उतरलो होतो. मधोमध अंगण, जर्दाळूचं झाड, भोवती प्रवाशांसाठी खोल्या; आमची खोली वर, माडीवर. घर एका म्हाताऱ्या विधवेचं आणि तिच्या सुनेचं. सून खोल्या झाडायची, सकाळी न्याहारी मांडायची. पोचल्यावर म्हातारीने नोंदीसाठी आमचे पासपोर्ट घेतले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ताश्कंदची गाडी पकडायची होती. टॅक्सी दारात आली आणि माझा पासपोर्ट सापडेना.

बनियनचा खिसा रिकामा. बॅगेच्या कप्प्यात नाही. गादीखाली नाही.

"तिने परतच दिला नाही," मी म्हणालो.

"देला होता सर. त्याच सांजेले. माहा बी अन् तुमचा बी. तुमीच हातात घेतला."

"मग खोलीतून गेला. दार उघडं असतं. ती सून दिवसभर आतबाहेर करत असते."

 मी मुन्शीजींकडे पाहिलं. आता जे सांगतोय ते सांगताना जीभ जड होते, पण ते सांगितल्याशिवाय या माणसाबद्दल लिहिण्याचा मला हक्क नाही. त्या खोलीत आम्ही दोघेच राहात होतो. माझी नजर त्यांच्यावर गरजेपेक्षा थोडी जास्त वेळ थांबली. डोक्यात शब्द असा कुठलाच आला नव्हता. नुसती नजर थांबली. पण तशा नजरा त्यांनी जन्मभर पाहिल्या असणार.

त्यांनी आपली बॅग पलंगावर उचलून घेतली, चेन उघडली आणि बॅग उलटी केली. दोन शर्ट, एक लुंगी, तेलाची बाटली, चष्म्याचं घर, टॉवेलात जपून गुंडाळलेला समरकंदचा एक कागद. मग उभं राहून पँटचे खिसे बाहेर काढून दाखवले.

"घ्या सर. पयले माही पाहून घ्या. मंग त्या लेकीचं नाव घेजा."

"अहो मुन्शीजी, काय हे," मी म्हणालो. पण ते म्हणेपर्यंत माझी नजर त्या सगळ्या वस्तूंवरून फिरून झाली होती. टॉवेलावरूनही. त्यांना ते दिसलं.

मी तावातावाने खाली गेलो. हिंदीत, इंग्रजीत, हातवारे करून त्या दोघींना सांगितलं की माझा पासपोर्ट खोलीतून चोरीला गेलाय आणि मी पोलिसांना बोलावणार आहे. 'पोलीस' हा शब्द त्यांना कळला. सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिने कचऱ्याची बादली अंगणात ओतली, हाताने चिवडली. चादरी झटकल्या. म्हातारी हातात कंदिलासारखा मोबाइल धरून पलंगांखाली वाकून बघत होती.

मी वर आलो. तोंड कोरडं पडलं होतं, साखर उतरल्यासारखं वाटत होतं, म्हणून काहीतरी खायला चकल्यांचा डबा उघडला. आत मोजक्याच चकल्या उरल्या होत्या. तळाला घातलेला वर्तमानपत्राचा कागद एका बाजूने फुगला होता. त्याखाली माझा पासपोर्ट होता. म्हातारीने परत दिला त्या संध्याकाळी मीच तो तिथे लपवला होता. चोर अन्नात हात घालणार नाहीत, असा हिशेब करून.

एवढं झाल्यावर माणसाने काय करावं, ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. मी काय केलं ते सांगतो. पासपोर्ट खिशात घातला, जिना उतरलो आणि सांगितलं, "मिळाला. जिन्यात पडला होता."

जिन्यात. म्हणजे कुणीतरी घाबरून टाकला असेल, असं वाटायला जागा ठेवली. सून जिना रोज झाडत असे. ती जिन्याकडे बघत राहिली.

मुन्शीजींनी माझ्या खिशाकडे पाहिलं. पासपोर्टाचा कोपरा बाहेर आला होता आणि त्यावर तेलाचा डाग पडला होता.  म्हातारीसमोर जाऊन त्यांनी छातीवर हात ठेवला, मान खाली घातली आणि अडखळत काहीतरी बोलले. मला दोनच शब्द कळले, "खता" आणि "मन". खता म्हणजे चूक. मन म्हणजे मन, असं मी धरून चाललो. मनाची चूक, असं काही सुंदरसं बोलत असतील. मी बॅग उचलली आणि बाहेर टॅक्सीत जाऊन बसलो.

ते पंधरा मिनिटांनी आले. हातात फडक्यात बांधलेली गरम रोटी होती. रेल्वेत त्यांनी ती मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"त्या मायनं देली. दोघांसाठी."

मी खाल्ली. चव आठवत नाही. ताश्कंदपर्यंत ते खिडकीतून कापसाची शेतं बघत होते. मध्येच म्हणाले, "आपल्यावाणीच जमीन हाय, सर." एवढंच.

परत आल्यावर आमच्या पेन्शनर मंडळात मी भाषण दिलं. विषय होता, परदेशाविषयीचे आपले गैरसमज. फोटो दाखवले. थडग्याच्या राखणदाराचा चहा सांगितला. आणि तेवढ्यावर न थांबता हेही सांगितलं, "तिथल्या लोकांचा प्रामाणिकपणा बघा. माझा पासपोर्ट जिन्यात पडला होता, पण कुणी हात लावला नाही!" टाळ्या पडल्या. मुन्शीजी शेवटच्या रांगेत बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते. बाहेर पडताना म्हणाले, "भाशन चांगलं झालं सर. लोकाइले समजलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधून पाहिला. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी आमच्या कॉलेजातले उर्दूचे जुने प्राध्यापक भेटले. सहज म्हणून मी त्यांना ते दोन शब्द विचारले. ते म्हणाले, "फारसीत 'मन' म्हणजे मी. खता-ए-मन. चूक माझी. कोण म्हणालं असं?"

मी म्हणालो, "कुणी नाही. वाचनात आलं."

त्यानंतर मी कितीदा तरी ठरवलं. एकदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. ते कुणाचा तरी जुना दस्त वाचून देत होते. मला पाहून उठून उभे राहिले. "या ना सर, आत या." मी म्हणालो, नको, घाईत आहे, आणि पुढे निघालो. भाजी आणायला जायचंय, असं काहीतरी पुटपुटलो.

उन्हाळ्यात मी मुलाकडे हैदराबादला होतो. तिथे बायकोचा फोन आला. मुन्शीजी गेले. जेवून उठले होते, हात धुवायला गेले आणि तिथेच बसले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यांची मुलगी नेरडीगोंड्याला शाळेत शिकवते. मी भेटायला गेलो तेव्हा ती एकटीच होती. अठरा वर्षं एका गल्लीत राहून मी त्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. तिने पाणी दिलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि त्यांच्या खाली चौकटीत एक फोटो. जर्दाळूचं झाड, मध्ये मुन्शीजी, एका बाजूला म्हातारी, दुसऱ्या बाजूला सून. तिघंही हसत होती. सुनेचे डोळे अजून सुजलेले दिसत होते.

"हा बाबाचा लय आवडता फोटो," ती म्हणाली. "म्हनत, त्या घरी आमाले लय मान भेटला. तिकडून फोन बी यायचा कधी कधी." ती फोटोकडे पाहात होती. "काका, तुमी नाई याच्यात. फोटो तुमीच काढला असन, होय ना?"

किती सोपं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मी तेव्हा बाहेर गाडीत बसलो होतो."

"काऊन?" तिने विचारलं, आणि समोरची खुर्ची ओढून बसली.