शून्य सेकंदांची फाइल

पानशेतच्या वरच्या अंगाला, पठारावरच्या एका धनगरवाडीत मी एका वृद्ध गुराख्याच्या हाका रेकॉर्ड करायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुण्यात दवाखान्यात दाखल होणार होते. घशातल्या गाठीमुळे स्वरयंत्र काढावं लागणार होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता.

त्यांची गुरं रानातून परततात ती त्यांच्या हाकेवर. पाण्याची हाक वेगळी, सांजेची वेगळी, वाघरू म्हणजे बिबट्या आल्याची वेगळी. मुलगा पुण्यात नोकरीला, त्यामुळे गुरं आता सुनेकडे येणार होती. तिला एकही हाक येत नव्हती, कारण घरातला कर्ता हाक देत असेल तोवर सुनेनं रानात आवाज चढवायचा नाही, ही वाडीची रीत. मला निरोप तिनंच धाडला होता.

भोरहून निघताना मी भरलेली बॅटरी घेतली नाही. चूक माझी. रेकॉर्डर पडवीतल्या बोर्डाला लावला आणि म्हातारबाबा बोलू लागले. एक हाक, मग ती कधी द्यायची ते. पावणेदोन तास झाले. परतीच्या पावसाचे दिवस होते. पठारापलीकडे ढग वाजला आणि रेकॉर्डरचा पडदा काळा झाला.

"पिना काढल्या म्या," सून आतून म्हणाली. "ढग वाजला की हितं कुनी पिन ठेवत न्हाई. मागल्या साली आमचा टीव्ही गेला."

"अगं, ताईंचं यंत्र व्हतं त्याला!" म्हातारबाबा म्हणाले.

"जळालं असतं म्हंजे कळलं असतं, मामा!"

म्हातारबाबांचा घसा बसला होता. पुन्हा बोलायला मी सांगितलं नाही. तोपर्यंतचं सगळं आलं असेल, असं मी धरून चालले.

भोरला घरी येऊन रेकॉर्डरचं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं. फाइल साडेतीन जीबीची दिसत होती, लांबी शून्य सेकंद. वाजेना. लॅपटॉपनं कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे पुसून कोरं करायचं का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, कार्ड बाहेर काढलं आणि त्याच्या कडेची कुलपाची कळ सरकवली. आता त्यावर काही लिहिलं जाणार नव्हतं.

अशा फाइलच्या सुरुवातीला एक छोटी नोंद असते: आवाज कोणत्या मापात साठवला आहे आणि किती लांब आहे. लांबी रेकॉर्डर शेवटी, थांबवताना भरतो. इथे थांबवलंच नव्हतं. म्हणजे आवाज जागेवर होता, नोंद अपुरी होती. साडेतीन जीबी रिकामे नसतात. मला काळजी वाटली नाही. काम दिसत होतं.

लॅपटॉपवर जागा नव्हती. जुन्या मुलाखती बाहेरच्या डिस्कवर हलवल्या, कार्डाची जशीच्या तशी प्रत काढली आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर केलं. संपादनाच्या प्रोग्रामला ती नोंद न वाचता फाइल नुसता कच्चा आवाज म्हणून उघडायला लावली. माप आपण सांगायचं असतं. सोळा बिट सांगितलं, तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कल्ला. चोवीस सांगितलं. कोंबडी ओरडली, आणि त्यामागून म्हातारबाबांनी खाकरून विचारलं, "चालू झालं का?"

शेवटपर्यंत ऐकलं. ढग, सुनेची पावलं, आणि तुटलेला आवाज. एकही हाक गेली नव्हती.

एवढी मोठी फाइल सुनेच्या मोबाईलवर उघडली नसती. हाकेगणिक तुकडे केले, प्रत्येकाला म्हातारबाबांनीच सांगितलेलं नाव दिलं आणि हलके करून, ती पुण्याला दवाखान्यात आली तेव्हा, तिच्या मोबाईलमध्ये भरले. मूळ फाइलच्या तीन प्रती केल्या: एक माझ्याकडे, एक भोरमध्येच दुसऱ्या घरी, एक पेनड्राइव्हवर सुनेकडे. तिनं ती रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली.

महिन्याभरानं पुन्हा वाडीवर गेले. म्हातारबाबा घरी आले होते, गळ्याला पांढरा रुमाल, हातात काठी. संध्याकाळी आम्ही तिघं पठाराच्या कडेला गेलो. सुनेनं मोबाईल उंच धरून सांजेची हाक लावली. खालच्या झाडीतून म्हातारी म्हैस बाहेर आली, मोबाईलच्या दिशेनं तोंड करून थोडा वेळ उभी राहिली आणि चरायला लागली.

"तिला बी कळतंय, मामा हितं गप बसल्यात," सून म्हणाली. मोबाईल कमरेला खोचला. आजूबाजूला वाडीतलं आणखी कुणी नाही हे एकदा पाहिलं आणि स्वतः हाक दिली.

म्हातारबाबांनी नकाराची मान हलवत काठी दगडावर दोनदा आपटली. तिनं मोबाईल कानाला लावून ती हाक पुन्हा ऐकली आणि शेवट लांबवला. काठी एकदा वाजली.

"आता काय ऱ्हायलं? तुमच्यावाणी मिशा लावू का?"

म्हातारबाबा आवाजाविना हसले. खांदे हलत होते. तिसऱ्या हाकेला काठी वाजली नाही. म्हैस वर निघाली, मागून बाकीची गुरं.

ती हाक मी रेकॉर्ड केली. बॅटरी भरलेली होती, आणि थांबवायचं बटण मी स्वतः दाबलं.