चाचणीचा तुकडा

उनसियाच्या खाणवस्तीत फोर्तुनातो आयाविरीला सगळे मास्तर म्हणत. खाणकामगार संघटनेच्या सभांसाठी तो भिंतीवर पाडायच्या स्लाइड बनवायचा. स्लाइडची तयार फिल्म या डोंगरात कधी पोचलीच नाही, म्हणून साधी निगेटिव्ह फिल्मच तो उलटवायचा. आधी निगेटिव्ह उमटवायची, मग परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याने आणि बॅटरीच्या ॲसिडाने ती खाऊन टाकायची, उरलेल्यावर उजेड पाडून पुन्हा धुवायची. तेव्हा काळ्याचं पांढरं होऊन चेहरे खरे दिसायचे.

"पण निगेटिव्ह उरत नाही, बाई," त्याने निकानोराला बजावलं. तिचा मुलगा एलोय खाणीत दबून गेला, त्याला चार महिने झाले होते. घरी आला तो त्याचा कॅमेरा, आत भरलेल्या रिळासकट. "कागदावर काढून देतो. हवे तितके."

"कागदावर बोटाएवढा दिसेल. मला भिंतीवर माणसाएवढा हवाय. परवा मेलेल्यांचा सण; दुपारी ते घरी जेवायला येतात, तेरवा दुपारी जातात. तेवढ्यात दे, मास्तर."

परमँगनेट जरा गरम झालं की फिल्मवरचा थर सुटतो. म्हणून तो रिळाच्या सुरुवातीचा वीतभर तुकडा कापून आधी चाचणी घ्यायचा. पहिले फोटो लोक वायाच घालवतात. या वेळी थंडी फार होती म्हणून पाणी तापवलं, ते जास्त तापलं, एलोयच्या रिळाचा तुकडा कोराच हातात आला. मग पाणी निववून त्याने बाकीचं रीळ धुतलं. ते स्वच्छ निघालं.

मेलेले परत जायच्या दिवशी सकाळी निकानोराच्या घरी भिंतीवर चादर टांगली. खाणीचं तोंड, बाजार, ओळीने उभे मित्र.

"बघा, दामासो पोट आत ओढून उभाय," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

शेवटची स्लाइड संपली तशी निकानोराने विचारलं, "माझा कुठाय?"

"तुझा कोणता?"

"मी काढलेला. बाकीचे त्यानेच काढलेत, त्यांत तो कसा असेल? म्हणाला, आई, पहिला तसाही फुकट जातो, तू दाब. दारात उभा होता."

'उमटला नाही' म्हणता आलं असतं. फोर्तुनातो म्हणाला, "चाचणीला कापला, बाई. माझ्या हातून गेला."

 तिने एलोयसाठी वाढलेलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. त्या दिवशी वाढलेलं नाकारता येत नाही.

"खा, मास्तर. त्याच्या वाटणीचं आहे."

तो खाली मान घालून जेवला.

त्यानंतर फोर्तुनातोने चाचणीचा तुकडा कधी कापला नाही. संघटनेची दोन अख्खी रिळं त्यापायी विरघळली. तिसरं त्याच्याकडे कुणी आणलं नाही.