एक पळी तेल

तानाबाई पहाटे उठून वळणावर तेल ओतते, अशी बातमी गेल्या उन्हाळ्यात आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे शहराच्या टोकाच्या आमच्या वसाहतीत, फिरली. बातमी चांगली बाळसेदार होती. घरोघरी थांबत, चहा पीत पुढे सरकत होती. पहिल्या गल्लीत ती वाटीभर तेलाची होती, दुसऱ्या गल्लीत डबा झाली आणि पाण्याच्या टाकीजवळच्या घरांपर्यंत पोचली तेव्हा त्या डब्याला झाकणही आलं होतं. कारण कोणालाही पटेल असं होतं. रस्ता निसरडा झाला की गाडी घसरते, गाडी घसरली की माणूस घाबरतो, घाबरला की वळणावरच्या मारोतीला नारळ फोडतो. आणि मारोतीपुढे नारळाचं दुकान कोणाचं? तानाबाईचं.

बातमी आणली होती रामधनने. रामधन आमचा दूधवाला. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून तो पहाटे त्या वळणावरून उतरतो. दोन-तीनदा तिथे आपटलेला आहे, हे खरं. दूध पातळ का, असं विचारलं की तो तोंड पाडून सांगतो, "वळणावर कॅन सांडली न बाई, पुरवून पुरवून द्या लागते." कशाने पुरवतो, ते आम्ही विचारत नाही. तर या रामधनने एका पहाटे तानाबाईला हातात डबा घेऊन रस्त्यात वाकलेली पाहिली आणि आठवडाभर दुधासोबत बातमीही घातली.

आता खरं सांगतो. तानाबाई पहाटे वळणावर जात होती. डबाही होता. वाकतही होती. फक्त डब्यात तेल नव्हतं, राख होती.

यवतमाळातून घाटंजीकडे निघालं की शहर संपता संपता रस्ता उतारावर एकदम वळतो. त्या वळणाच्या उंच अंगाला ओट्यावर मारोती आहे आणि ओट्याला लागून तानाबाईचं टिनाचं दुकान. नारळ, कापूर, रुईच्या पानांचे हार, तेलाचे पाउच आणि चुलीवरचा चहा. तानाबाई उंच, वाळलेली, आवाजाने मात्र भरलेली. एक पाय पोटाशी घेऊन बसते आणि वेगात येणाऱ्या प्रत्येकाला बसल्या जागेवरून ओरडते, "हळू ये बापा, दुकान पळून नाही चाललं." हार करायचं काम तिच्या नवऱ्याचं. नवऱ्याचं नाव मारोतराव, आणि तानाबाई जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव घेत नाही. त्यामुळे आयुष्य मारोतीपुढे काढूनही तिने देवाला कधी मारोती म्हटलेलं नाही. नवरा 'आमचे' आणि देव 'वळणावरचे'. "वळणावरच्याईले दोन हार लागतात, आमच्याईनं एकच केला," असं ती म्हणते, आणि नवीन गिऱ्हाईक दोघांकडे आळीपाळीने पाहतं.

राखेचं कारण असं की, त्याआधीच्या हिवाळ्यात स्कूटीवरून कामाला निघालेली एक मुलगी अगदी दुकानासमोर घसरली. ऑटो येईपर्यंत तिचं डोकं तानाबाईच्या मांडीवर होतं. मुलगी वाचली, आता बरी आहे, येता-जाता हात हलवते. पण तानाबाईने त्या दिवशी रस्त्याला हात लावून पाहिला आणि हात चिकट झाला. गाड्या गळतात, ट्रकवाले डिझेल सांडत जातात, असं म्हणून तिने दुसऱ्या दिवसापासून चुलीतली राख टाकायला सुरुवात केली. घरात तेल सांडलं तर हेच करतो ना आपण?

आमचे इतर शहाणे मात्र वेगळ्याच मार्गाने गेले होते. गाड्या शनिवारी जास्त घसरतात, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. यावरून, शनिवारी देव कडक असतो, असं ठरलं. आणि उपाय म्हणून शनिवारी आणखी तेल वाहायचं, असंही ठरलं. आधी लोक पाउच वाहत, मग बाटली वाहू लागले. ट्रॅक्टरवाला धावजी तर नवीन ट्रॅक्टर घेतल्यापासून दर शनिवारी डबाच रिकामा करायचा.

बातमीने तानाबाईचं नुकसान व्हायचं ते झालं. बाया तिच्या दुकानावरून मान वळवून जाऊ लागल्या. रामधनने तर एकदा पडल्यावर देवाला नारळ फोडला, पण तो बाजारातून आणून, तिच्या नाकासमोर.  तानाबाई त्याने फोडलेल्या नारळाकडे पाहून "नासका निघाला वाटते," एवढंच म्हणाली.

मग एका सकाळी रस्त्याच्या खात्याची इंजिनिअर आली, समीक्षा नावाची. मूळची कळंबची. अपघात होणाऱ्या वळणांची तपासणी चालली होती. तिने रस्त्यावर एक तिपाई मांडली, तिला लोंबता दांडा आणि दांड्याच्या टोकाला रबर. रस्ता ओला करायचा, दांडा वरून सोडायचा. तो रस्त्याला घासून पलीकडे जितका वर जाईल, तितका रस्ता निसरडा. पाच मिनिटांत अर्धं लेआऊट जमलं. वळणाच्या अलीकडे दांडा घासला आणि जागीच मंदावला. वळणावर मात्र जत्रेतल्या पाळण्यासारखा मजेत वर गेला.

रामधनला राहवलं नाही. "म्याडम, इथं हे काकी रोज काही तरी टाकते."

"राख टाकते," तानाबाई दुकानातून म्हणाली. "तेल पेते राख. तुले काय मालूम? तू फक्त दूध पाह्यलं, तेही लांबून."

समीक्षाने विचारलं, "आणि राखेवर पाणी पडलं की, मावशी?"

"मंग काय, वाहून जाते."

समीक्षाने बाटलीतलं थोडं पाणी राखेवर ओतलं आणि म्हणाली, "पाय ठेवून पाहा. हळू ठेवा."

तानाबाईने पाय ठेवला आणि पाय तिला सोडून निघाला. धरायला जवळ रामधनच होता. घसरण्यापेक्षा त्याचा खांदा धरावा लागला, याचंच तिला जास्त दुःख झालं. तेलात राख, त्यावर पाणी, की त्याचा चिखल होतो, असं समीक्षाने सांगितलं. मग राखेखालून निघालेला तेलाचा चिकट पट्टा धरून ती वर चालत गेली, रस्त्यावरून कडेला, कडेवरून ओट्याला आणि ओट्यावरून थेट देवाच्या पायापर्यंत. आम्हीही मागोमाग गेलो. देवाच्या डोक्यावरचं तेल पोटावर, पोटावरचं पायावर, आणि तिथून उताराने खाली. शनिवारचं कोडं तिथल्या तिथे सुटलं, आणि जो तो दुसरीकडे पाहू लागला. त्या तेलात प्रत्येकाचा थोडा थोडा पाउच होता.

"ट्रकचं नाही हे," समीक्षा म्हणाली. "खायचं तेल आहे."

"मंग रामधन खरं बोलत होता म्हणा," तानाबाई हळूच म्हणाली.

"नाही. तेल तुम्ही टाकलं नाही."

"विकलं तं मीच."

समीक्षाने तिला समजावलं की नुसत्या तेलाचाही दोष नाही. वळताना टायर घासून घासून इथली खडी गुळगुळीत झाली आहे. तिथे चिकट थर देऊन वर टोकदार, कडक खडीचा थर बसवणार. रस्ता किसणीसारखा होईल, टायर धरून ठेवेल. दोन-तीन आठवड्यांत काम सुरू होईल. "पण वरून तेल येत राहिलं तर ते किसणीला तूप फासल्यासारखं होईल. आम्ही रस्ता करू. तेलाचं तुम्ही पाहा."

"म्हणजे इकू नको म्हणता?"

"मी तसं काही म्हणत नाही. देवाचं अन् दुकानाचं मले समजत नाही, मावशी. रस्त्याचं समजते."

तेल म्हणजे तानाबाईचं अर्धं दुकान. नारळ एखादा घेतो, एखादा नाही. तेलाशिवाय मात्र कोणी ओट्यावर चढत नाही. त्या संध्याकाळी काय झालं ते मला माहीत आहे, कारण आमच्या आणि तिच्या घराची भिंत एकच. मी कान लावत नाही. भिंतच पातळ आहे.

"मंग काय, दुकान उचलाचं काय?" मारोतराव विचारत होते.

"दुकान कायले उचलाचं? तेल कमी करते."

"लोक आयकतीन तुयं?"

"तुमी आयकता न इतके वर्सं. लोक काय तुमच्याहून आडमुठे हायेत?"

मारोतरावांनी यावर काही म्हटलं नाही. ते ऐकतात, हे सिद्धच झालं.

शनिवारी दुकानावर एकही पाउच नव्हता. तेलाची एक बरणी होती आणि तिच्या कडेला घरची पितळेची पळी लटकवलेली. जो येईल त्याला तानाबाई एक पळी तेल वाटीत द्यायची. "देवाच्या डोक्यावर लाव. ओतू नको." रागावणाऱ्याला ती हाताला धरून ओट्यावर न्यायची आणि देवाचं नाक दाखवायची. खरंच, इतक्या वर्षांच्या तेलाने देवाच्या नाकावरचा शेंदूर धुऊन गेला होता आणि खालचा काळा दगड उघडा पडला होता. आम्ही दर शनिवारी हात जोडत होतो, पण डोळे मिटून.

धावजी डबा घेऊन आला तेव्हा खरी गंमत झाली. ट्रॅक्टर वळणाच्या पुढे लावला, डबा खांद्यावर घेतला आणि सरळ ओट्याकडे निघाला. तानाबाई पळी घेऊन आडवी आली.

"एक पळी, धावजी."

"मी नवस बोललो व, तानाबाई. डब्याचा बोललो."

"वळणावरच्याईनं डबा मांगितला होता काय?"

"देवाचं तेल तू मोजतं काय आता?"

"मी देवाचं तोंड सांभाळून राह्यली. तुया तोंडावर दर शनिवारी डबाभर तेल ओतलं तं तू काय म्हणशीन?"

धावजीने देवाच्या नाकाकडे पाहिलं. मग स्वतःच्या नाकाला हात लावला. जमलेले लोक हसू लागले तसा तो जरा ओशाळला. "मंग या डब्याचं काय करू?"

"एक पळी वळणावरच्याईले. बाकीचं घरी ने, बायकोले भजे तळू दे, अन् लेकराईले देवाच्या नावानं खाऊ घाल. नवस काय डोक्यावरच फिटते काय? पोटातूनही फिटते."

धावजीने पळीभर तेल लावलं, डबा ट्रॅक्टरवर चढवला आणि जाताजाता विचारलं, "पळीचे पैसे किती?"

"पाउचचेच."

"अन् तेल इतकुसं?"

"पळी पितळेची हाय न."

धावजीने पैसे दिले. अर्थात, सगळे काही धावजीसारखे नव्हते. दोघंतिघं रागावून दुसऱ्या मारोतीला गेले. काही लोक घरून बाटल्या लपवून आणत. त्यांच्यासाठी मारोतराव ओट्याच्या काठावर फडकं घेऊन बसायचे. कोणी ओतलं की पुसायचे. माणसाला लाज वाटायला एवढं पुरतं. पुढे त्यांनी ओट्याच्या कडेने मातीचा बांध घातला आणि मग त्यांना परत हार करायला वेळ मिळू लागला. देवाच्या नाकाला नवीन शेंदूर लागला. देव एकदम तरुण दिसू लागला.

रस्त्याचं कामही झालं. खात्याच्या लोकांनी वळण अर्धं-अर्धं बंद करून आधी साबण लावून धुतलं. रस्त्याला आंघोळ घालताना पाहायला पुन्हा अर्धं लेआऊट हजर. मग चिकट थर, त्यावर बारीक टोकदार खडी. गाडी त्यावर गेली की टायरखालून घर्र असा आवाज येऊ लागला. लोकांनी तक्रारीही केल्या: टायर झिजतील, चपला झिजतील. रामधनचं म्हणणं, ब्रेक दाबायचा विचार केला की गाडी आधीच थांबते. समीक्षा पाऊस लागल्यावर एकदा येऊन दांडा पुन्हा सोडून गेली. दांडा घासला आणि थकल्यासारखा तिथेच राहिला. तानाबाईने दांड्याला कुंकू लावलं. समीक्षाने लावू दिलं.

त्यानंतर तिथे कोणी आपटल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि आमच्या लेआऊटमधलं माझ्या कानावर आलं नाही असं सहसा होत नाही. भीतीचे नारळ कमी झाले हे खरं. पण एक झालं. आधी त्या वळणावर ब्रेक मारायची कोणाची छाती नव्हती. तानाबाईचा चहा दिसायचा आणि मागे पडायचा. आता थांबता येतं. तानाबाई गाड्या वळणाच्या पुढे, सरळ रस्त्यावरच लावायला लावते, आणि बाया पुन्हा मान वळवतात, पण यावेळी दुकानाच्या दिशेने. बातमीचं काय झालं, असं विचारू नका. बातमी कोणाचीच नव्हती, असं आता सगळे सांगतात.

परवा सकाळी मी तिथे चहा पीत होतो. स्कूटीवाली मुलगीही कामाला जाताना थांबली होती. रामधन आला, मोटरसायकल पुढे लावली, दोन्ही कॅन थपथपवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय व काकी, आता तं इथं कोणी पडतच नाही. तुया नारळाचं कसं?"

तानाबाईने चहा गाळला, कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मायं मी पाहून घेईन, रामधन. आता तुयी कॅन सांडत नाही न? मंग आज सकाळचं दूध पातळ काहून होतं, ते सांग."