डायनामोवरची फियाट आणि करूळ घाटातलं धुकं

वैभववाडीला आत्याकडे जायचं तर सरळ एसटीने जा, असं आईचं मत. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, फियाटने. आणि फियाट म्हटलं की आमच्या घरात डायनामोचं भांडण निघतंच.

आमची फियाट माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिला आजच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही, मूळचा डायनामो आहे. गाडी पळाली की तो भरपूर वीज देतो, रेंगाळली की हात आखडतो. करूळ घाटात सप्टेंबरातही धुकं असतं, म्हणून मला पुढे दोन जादा पिवळे दिवे हवे होते, आणि ते पेलायला अल्टरनेटर. तो मी आणूनही ठेवला होता. पण मूळ गाडीला हात लावायचा नाही हा आबांचा हट्ट. शेवटी तोडगा निघाला: दिवे डायनामोवरच लावायचे, आणि घाटात त्याने दगा दिला तर आबांनी अल्टरनेटरला नाही म्हणायचं नाही.

अशी गाडी बाळगणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. हा डायनामो भरात असताना सव्वादोनशे वॉटच्या आसपास देतो. त्यातला बराचसा हेडलाईट, वायपर आणि इंजिनच खातं. वर पंचावन्न वॉटचे दोन दिवे लावणं म्हणजे आ बैल मुझे मार. आम्ही पस्तीस वॉटचे बल्ब घेतले, थेट बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजची वायर ओढली आणि मध्ये रिले टाकला, म्हणजे जुन्या स्विचवर भार नको. जोडणी अशी, की हेडलाईट लागले की पिवळे आपोआप बंद. धुक्यात हेडलाईटचा उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो, त्यामुळे काही बिघडत नाही.

आणखी एक वस्तू सांगायला हवी. डॅशबोर्डखाली, अगदी डाव्या कोपऱ्यात, आबांनी फार पूर्वी ॲमीटर बसवलाय. काटा उजवीकडे गेला तर बॅटरी भरतेय, डावीकडे गेला तर रिकामी होतेय. आबा गाडी चालवायचे तेव्हा आई शेजारी बसून तो वाचायची. गुडघ्यांमुळे आबांनी चालवणं सोडलं, मी चालवायला लागले आणि काट्यासमोरची जागा आबांची झाली.

शनिवारी सकाळी मिसळ खाऊन निघालो. रंकाळा मागे पडला, कळे गावात चहा झाला. रस्ता एकंदरीत चांगला, दोन्हीकडे ऊस. पण निघण्याआधी घाट चालू आहे का हे विचारून घ्या, काम निघालं की तो बंद असतो. गगनबावड्याला कांदाभजी खाल्ली आणि टपरीवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, "पावणं, ही खाली उतरंल, पर वर चढंल का?" आबा म्हणाले, "तुमच्या आधी." ते कुणाच्या आधी, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

घाटाच्या तोंडाशीच धुक्याने गिळलं. पिवळे दिवे लावले आणि रस्त्याची कड दिसायला लागली, तेव्हा खरंच जिवात जीव आला. पण पुढे एक भरलेला ट्रक मुंगीच्या चालीने उतरत होता. त्याच्यामागे आमचा वेग पडला आणि चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला.

"काटा डावीकडं," आबा म्हणाले. "वायपर बंद कर. दुसऱ्या गिअरवरनं पहिला टाक, इंजिन जरा पळू दे."

मी तसं केलं. काटा मध्यावर आला. मग सगळा घाट हेच चाललं. आबा काटा सांगत होते, मी काचेपलीकडे बघत होते, काच अगदीच धूसर झाली की वायपरचे दोन हात मारत होते. मागे एक स्कूटरवालं जोडपं आमच्या उजेडाच्या आधाराने उतरत होतं. खाली पोचल्यावर त्यांनी हॉर्न वाजवून निरोप घेतला. डायनामो जिंकला होता.

आत्याने तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली होती. जेवताना आबा विजयाची गोष्ट सांगतील असं मला वाटलं होतं. ते गुडघे चोळत बसले.

रविवारी परत चढताना पुन्हा धुकं, पुन्हा पिवळे दिवे. आबांना मात्र डुलकी लागली. त्यांना उठवायला जीव होईना. मीच वाकून काटा बघितला. मग एका वळणाआधी आणखी एकदा. मान वर केली तर डावं चाक खडीवर गेलेलं आणि कठडा समोर. ब्रेक दाबला. आबा जागे झाले, त्यांनी कठड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी गाडी मागे घेऊन रस्त्यावर आणली.

गगनबावड्याच्या त्याच टपरीवर चहा घेताना म्हणाले, "अल्टरनेटर बसवून टाक."

मी म्हटलं, "आबा, तुम्ही जिंकलाय की."

"व्हय. पर मी काटा बघत हुतो म्हणून. मी काय दर खेपंला शेजारी असणार हाय व्हय? एकटी आलीस तर काटा बघशील का रस्ता?"

 चहा गार झाला, तरी मी तो हळूहळू पीत राहिले.

दोन दिवसांची ही सहल पेट्रोल, चहा-भजी धरून दोघांची अडीच हजारांत झाली. जमलं तर सप्टेंबरातच जा, दिवे पिवळे लावा आणि शेजारी माणूस असू द्या.

अल्टरनेटर गेल्या आठवड्यात बसला. डायनामो आबांनी रॉकेलने पुसून, जुन्या लुंगीत गुंडाळून माळ्यावर ठेवायला दिला. काल आम्ही नृसिंहवाडीला जाऊन आलो. आता जोडणीही बदललीय, म्हणून पिवळे दिवे, हेडलाईट, वायपर सगळं एकदम लावून बघितलं, काटा ढिम्म हलला नाही. आता तो बघायची कुणाला गरज नाही.

उचगावच्या अलीकडे आबा वाकले, चष्मा वर केला आणि मी न विचारताच म्हणाले, "काटा बरोबर हाय. तू रस्ता बघ."