नीलाताई आणि न दिसणारी वस्ती

चौक गावच्या गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्तीला टाकून बसले होते, तेव्हा नीलाताईंच्या वहिनींचा फोन आला. ताई पहाटे गेल्या... झोपेतच. कर्जतला कॉलेजात त्यांनी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी, पण त्या मला खऱ्या कळल्या त्या आमच्या गावी, कोंडाण्याला, गोठ्यामागे.

पहिल्या वर्षाला होते मी. गोठा धुताना फिनेल गोबरगॅसच्या टाकीत गेलं, आतले गॅस करणारे जंतू मेले आणि शेगडी विझली. आई पुन्हा चुलीपुढे बसू लागली, तिचा खोकला बळावला, घरकाम माझ्यावर पडलं आणि माझं कॉलेज सुटायच्या बेताला आलं. मी वर्गात दिसेना म्हणून ताईच चौकशी करत घरी आल्या. त्यांनी टाकीतला बराचसा गाळ उपसायला लावला आणि कशेळे गावातल्या एका घरून चालू टाकीतली स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ काला, ड्रमांत भरून आणवली. हे जंतूंचं बियाणं, म्हणाल्या. बाबांनी मात्र गॅस लवकर व्हावा म्हणून पाट्याच्या पाट्या शेण ओतलं, आणि सगळं आंबलं.

"बाई, आता पेटायचं नाय का हे?" आईनं विचारलं.

ताई रागावल्या नाहीत. गोठ्याच्या कडेला बसून त्यांनी सांगितलं, "शेण आंबवणारे जंतू भराभर वाढतात. गॅस करणारे सावकाश. आधी आंबट झालं तर त्यांना राहताच येत नाही. त्यांना जागा धरू द्या, मग पोटभर घाला."

मग चुन्याची निवळी, पुन्हा कशेळ्याची स्लरी, आणि रोज थोडंसंच शेण. दर रविवारी ताई यायच्या, आईच्या हातची भाकरी खायच्या. एका सकाळी शेगडीवर निळी ज्योत पेटली. आईनं ताईंचा हात नुसता धरून ठेवला... माझं शिक्षण त्या दिवशी वाचलं. आज खालापूरच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्या मी सांभाळते, ते त्यांच्यामुळे.

परवा त्यांच्या घरी गेले. खिडकीत काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. एकाच तळ्यातला चिखल, एकाच दिवशी भरलेला, ऊनही तेच. तरी एक हिरवी, एक जांभळी, एक गंजासारखी तांबूस. कोण आधी रुजलं, कोण योगायोगानं टिकलं, त्यावर प्रत्येकीतली जंतूंची वस्ती वेगळी झालेली.

या टाकून देऊ का, असं वहिनींना विचारायचं असेल असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "त्यांना ऊन लागतं ना? रोज सकाळी पडदा ती सारायची. आता मी सारते."